पाचट

फाल्गुनात ऊस तुटून गेला तेव्हा सणसरच्या शेतात मी प्रथमच वडिलांच्या माघारी उभा होतो. सरींमध्ये गुडघाभर पाचट पडले होते. वडिलांनी ते हयातभर पेटवले. तोडणीची टोळी बांधाबाहेर पडली, की त्याच संध्याकाळी काडी. भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा आणि हा धूर यांवरूनच आम्हा मुलांना हंगाम कळे. अखेरच्या आजारपणात मात्र ते म्हणाले, "औंदा पेटवू नको. कुजू दे."

आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना 'पाचट' भेटते ते विनोदाचे विशेषण म्हणून, आणि 'कुजणे' आपण बहुधा माणसाच्या मनाला लावतो. असो. एकरी तीन-चार टन पाचट निघते. जाळले की त्यातला कर्ब आणि नत्र धुरावाटे जातात. कुजवायचे, तर वरून युरिया द्यावा लागतो. पाचटात नत्र फार थोडे, आणि जिवाणू ते जमिनीतून ओढू लागले की खोडवा पिवळा पडतो. हे सारे मी केले. वैशाखात पाहिले, तर वरचा थर तसाच कुरकुरीत! चुलते म्हणाले, "आरं, लाव काडी. कशाला वाट बघतूस?"

त्याच सुमारास उत्तर युरोपातल्या सूचिपर्णी अरण्यांविषयी वाचत होतो. तिथे जमिनीवर मॉसची गादी असते. (आपण 'शेवाळ' या एकाच शब्दात शेततळ्यातले आणि भिंतीवरचे, दोन्ही कोंबतो.) मेलेले मॉस मुळातच चिवट, त्यात नत्र कमी, आणि वर्षातले कित्येक महिने थंडी. तापमान दहा अंशांनी वाढले, तर कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून जग तापू लागल्यावर तिथे साठलेला कर्ब हवेत जाईल, ही धास्ती. पण ओल टिकली तरच. आमच्याकडे नेमके उलटे: चाळिशीचे ऊन फुकट, आणि पाण्यासाठी नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे. कोरड्या पाचटाला ऊन कुजवत नाही, नुसते वाळवते.

डेन्मार्कमध्ये १९५० साली मॉसच्या दलदलीत सापडलेला तोलुंडचा माणूस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. थंडी, आम्लता आणि प्राणवायूचा अभाव यांनी त्याला इतके जपले, की हनुवटीवरचे खुंटही शाबूत आहेत. छायाचित्र पाहताना वडिलांची शेवटच्या आठवड्यातली वाढलेली दाढी आठवली. पुढे वाचवेना.

आषाढात, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, चुलत्यांनीच पायाने पाचट उकरले. खाली काळेभोर, मऊ; गांडुळे वळवळत होती. त्यांनी मूठभर उचलून नाकाशी नेले, काहीच बोलले नाहीत. मग हात धोतराला पुसले आणि खिशातली काडेपेटी काढून बिडी शिलगावली.