न मागवलेला पाव

आम्ही पाव मागवला नव्हता. लिस्बनमधल्या एका उतारावरच्या छोट्या खानावळीत जेमतेम टेकलो होतो, तेवढ्यात वेटरने टोपली आणून ठेवली. चार पाव, वरून कडक, फोडले तर आत मऊ. सोबत ऑलिव्ह आणि लोण्याच्या वड्या. "पांव," तो म्हणाला. उच्चार अर्धा नाकातून गेला, पण शब्द आपलाच. नवऱ्याने लगेच एक उचलला. मी टोपलीकडे बघत राहिले. पाव पुढ्यात आला की क्षणभर थबकायची सवय साठी आली तरी सुटलेली नाही. ती वसईची आहे.

आमच्या वसईच्या घरात पावाला स्वयंपाकघरात मज्जाव होता. वडील लादीपाव आणत तो वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि तो पडवीतच खाऊन संपवायचा. आजीकडे पावाविरुद्ध दोन पुरावे होते. एक, बेकरीत पीठ पायांनी तुडवतात, म्हणून तर त्याला पाव म्हणायचं. दुसरा पुरावा गंभीर: फिरंग्यांनी रातोरात विहिरीत पाव टाकले, सकाळी ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं. ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात, फक्त विहीर बदलते. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. पण आजी ही हकिकत गेल्या आठवड्यातली असल्यासारखी सांगे. मी एकदा विचारलं होतं, एका पावाने विहीर बाटते, तर एवढ्या पाण्याने तो पाव शुद्ध का होत नाही? त्यावर मला शेंगदाणे निवडायला बसवण्यात आलं.

सवलत एकच, आजारपणाची. ताप उतरला की दुधात कुस्करलेला पाव मिळे. त्यामुळे वडिलांच्या हातात पुडी दिसली की शेजारच्या काकू विचारत, "कोण आजारी आहे?" त्या वाटीभर पावासाठी मी एक-दोन ताप थोडे लांबवलेही आहेत.

लग्न झालं ते गिरगावात. सासरी पाव हा आजार नव्हता, रोजचा नाश्ता होता. नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी इराण्याकडे नेऊन ब्रून मस्का मागवला आणि तो चहात कसा बुडवायचा हे गांभीर्याने शिकवलं. तिथे कुणी आजारी नव्हतं, हे पटायला मला महिना लागला.

तर लिस्बन. सकाळी पंधरा नंबरच्या ट्रामने बेलेंला गेलो. तिथला जेरोनिमुश मठ म्हणजे दगडात कोरलेली श्रीमंती. मिरी-मसाल्यांच्या व्यापारावरच्या कराचा, म्हणजे मूळ आपल्याकडच्या मिरीचा, त्यात मोठा वाटा. आत शिरल्यावर वास्को द गामाची समाधी आणि तिच्या समोरच्या बाजूला कवी कामोंइशची. '१४९८ मध्ये वास्को द गामा ____ येथे उतरला' ही रिकामी जागा मी शाळेत इतक्यांदा भरली होती, की त्याला झोपलेलं बघून काहीतरी मोठं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की हा माणूस १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला आणि नंतर त्याच्या अस्थी इकडे आणल्या. मेल्यावरही प्रवास चुकला नाही. बाकी माझे पाय दुखत होते.

मठाच्या जवळच १८३७ पासून अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या, खरपूस टार्ट विकतात. मठांत कपड्यांना खळ द्यायला अंड्यातलं पांढरं वापरायचे, मग उरलेल्या पिवळ्याचं करायचं काय, यातून असली मिठाई निघाली, असं सांगतात. वर दालचिनीची पूड भुरभुरायची. नवऱ्याने चार खाल्ल्या आणि पाचवीकडे बघत म्हणाला, "दालचिनी आपल्याच बाजूची, वसुली करतोय."

दिवसभर त्याचा दुसरा उद्योग शब्द वेचण्याचा होता. साबण, कोबी, बटाटा, अननस. एकेक सापडला की कोपराने ढोसणार. हॉटेलात किल्ली हातात मिळाली तेव्हा कळलं, की तिला इथे 'शाव' म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी तेही 'चा'च म्हणत होते. त्यांचा उच्चार पुढे बदलला, आपण चावी जपून ठेवली.

पण मला गप्प केलं ते कार्मोच्या मठाने. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये माणसं भरलेली असताना भूकंप झाला. मग आग, मग समुद्र. कार्मोचं छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. आज टोकदार कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून सरळ आभाळ दिसतं. मी म्हटलं, "अहो, ही तर वसई." किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये आम्ही मुली लपंडाव खेळलो होतो, तिथे भिंतींतून झाडं उगवलेली, इथे गवत कापलेलं. फरक एवढाच. परक्या मुलखात एखादी जागा ओळखीची वाटावी, आणि ओळख पटावी ती पडझडीवरून, याचं मला हसू आलं, मग आलं नाही.

तिथून उतरून त्या खानावळीत. कोबीसारख्या पानांचं नि बटाट्याचं हिरवं सूप आलं. त्यातली सॉसेजची चकती मी नवऱ्याच्या ताटलीत सरकवली. त्याच्यापुढे खारवलेल्या कॉडचा कीस, बटाट्याच्या सळ्या आणि अंडं. सूप एकटं जाईना, म्हणून शेवटी मी पाव मोडला.

आजीच्या शेवटच्या दिवसांत तिला काही गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला. आईने तो इतका कुस्करला की खिरीसारखा दिसावा, आणि "बिस्किट आहे हं" म्हणत चमचा पुढे केला. आजीने दोन घास घेतले. मग म्हणाली, "पाव आहे. मला कळतं." आईचा हात थांबला. आजी म्हणाली, "थांबलीस का? दे." तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातल्या खाटेवर होती, पडवीत नव्हे.

बिल आलं. पहिलीच ओळ पावाची, खाली लोणी, खाली ऑलिव्ह. इथे टेबलावर आपसूक आलेल्या वस्तूला हात लावला की तिचे पैसे पडतात. नको असेल तर आधीच परत पाठवायची. नवरा चक्रावला. "आपण मागवला कुठे होता?"

"न मागता पाव देतात आणि नंतर काय ते कळतं," मी म्हटलं. "आजी साठ वर्षं हेच सांगत होती."

उरलेला एक पाव मी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. पैसे भरले होते. अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसायला जागा नव्हती. दांडीला धरून, वळणावळणाला एकमेकांवर आपटत आम्ही तो अर्धा अर्धा खाल्ला. माझ्या ओढणीवर सांडलेले कण मी एकेक करून वेचले.