पिशवी
हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत लिहिलंय, की गर्भाशय कोरडं पडलं की अंगात भटकतं, यकृताला जाऊन चिकटतं आणि बाईचा श्वास कोंडतो. उपाय? नाकाशी दुर्गंध, खाली सुगंध, म्हणजे ते जागेवर येईल. नाहीतर लग्न आणि बाळंतपण. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच आलाय.

मला हसू आलं नाही. मी बीडची. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. कंबर दुखो, अंगावरून जावो, दोष पिशवीचाच. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे पाळीतही सुट्टी नाही; खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही, धड पाणी नाही. २०१९च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

इफेससच्या सोरानसने दुसऱ्या शतकातच सांगितलं होतं, की गर्भाशय जनावरासारखं भटकत नाही. खरंय. भटकतात त्या बायका, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, कारखाना नेईल तिकडे. तपासायचं होतं ते काम. काढली पिशवी.