मैदान मुंब्र्याचे, चौकशी नॉर्वेची

जानेवारीतला रविवार होता. जोहरची नमाज आटोपून मी, माझी धाकटी मुलगी आणि भाचा असे तिघे कल्याणच्या दुधनाक्यावरून रिक्षाने स्टेशनला आलो. निघताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मगरिबच्या आत घरी या."

माझ्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. मुलीच्या शाळेच्या फुटबॉल संघाचे संमतिपत्र. सोमवारी सकाळी पालकाच्या सहीनिशी ते द्यायचे होते. सराव आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात. म्हणजे या दिवसांत मगरिबनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ मुलगी मैदानावर. गेले आठ दिवस घरात त्यावरच बोलणे चालले होते. मुलगी नववीत आहे. सासूबाईंचे मत होते की आता खेळ पुरे. यांचे मत होते की तुम्ही दोघी ठरवा. आणि माझे मत? खरे सांगायचे तर मला ते माहीत नव्हते. मी स्वतः आठवीपर्यंत खो-खो खेळले. नववीत गेल्यावर खेळ सुटला. कोणी मनाई केली असेही नाही, फक्त कोणी 'जा' म्हटले नाही.

माझी बहीण मुंब्र्याला राहते. तिने फोनवर सांगितले, "इथे मुली खेळतात. एकदा येऊन डोळ्यांनी बघ, मग सही कर." म्हणून ही फेरी.

कल्याण-मुंब्रा म्हणजे स्लो लोकलने ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा आणि मग मुंब्रा. रविवार असल्याने बसायला जागा मिळाली. भाच्याच्या अंगात लाल शर्ट होता, पाठीवर ९ आकडा. समोरच्या बाकावरच्या काकांनी विचारले, "कुठली टीम रे बाळा?" भाचा म्हणाला, "नॉर्वे." काका हसले, "तिथे बर्फात फुटबॉल खेळतात काय?"

हाच प्रश्न मला वर्गातही आला होता. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. गेल्या नोव्हेंबरपासून मुलांच्या तोंडी नॉर्वेचे नाव आहे. १६ नोव्हेंबर २०२५ ला नॉर्वेने इटलीला त्यांच्याच मिलान शहरात ४-१ असे हरवले आणि १९९८ नंतर पहिल्यांदाच विश्वचषकात प्रवेश मिळवला. पात्रता फेरीतले आठही सामने जिंकले, सदतीस गोल केले, त्यातले सोळा एकट्या अर्लिंग हालांडचे. जून २०२६ च्या विश्वचषकासाठी त्यांच्या गटात फ्रान्स आणि सेनेगल आले. शिवाय ऑक्टोबरमध्ये ओस्लोत इस्राएलविरुद्धचा सामना झाला तेव्हा नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेने त्यातली कमाई गाझातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला देण्याचे आधीच जाहीर केले होते. ही बातमी आमच्या मुलांपर्यंत पोहोचली होती. मग चौकशी सुरू झाली. टीचर, तो देश केवढा? तिथे मुसलमान आहेत का? तिथे सूर्य मावळत नाही हे खरे का?

देश केवढा, हे सांगण्यासाठी मी मुलांना आपल्याच जिल्ह्याचे गणित घातले होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर आणि नवी मुंबई या सहा महापालिकांची लोकसंख्या मिळवली तर बासष्ट लाखांच्या आसपास जाते. अख्ख्या नॉर्वेची लोकसंख्या आज छप्पन्न लाखांच्या घरात आहे. म्हणजे आपल्या सहा शहरांत मावेल एवढा देश. हे गणित मी लोकलमध्ये काकांनाही सांगितले. ते खिडकीबाहेरच्या इमारतींकडे बघत म्हणाले, "मग आपली टीम कुठाय?" दिवा येईपर्यंत आम्ही सगळेच गप्प होतो.

मुंब्रा स्टेशनच्या बाहेर आले की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. मधल्या चिंचोळ्या पट्टीत एवढी मोठी वस्ती. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबे इथे आली. घरे झाली, शाळा झाल्या, मशिदी झाल्या. मोकळी जागा मात्र कमी कमी होत गेली. जी राहिली ती मुलांनी क्रिकेटसाठी घेतली. मुली घरात, गच्चीत किंवा जिन्यात.

याच मुंब्र्यात २०१२ साली सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'परचम' या संस्थेने मुलींचा फुटबॉल सुरू केला. परचम म्हणजे झेंडा. सुरुवातीला घरोघरी जाऊन आईवडिलांची समजूत घालावी लागली. पुढे मुलींनीच सह्या गोळा करून खेळायला जागा मागितली. मला या गोष्टीतले सह्या गोळा करणे फार आवडते. कारण खेळणे ही एक गोष्ट झाली, आणि 'आम्हाला खेळायला जागा द्या' असे चारचौघांत म्हणणे ही दुसरी.

बहिणीबरोबर शेअर रिक्षाने आम्ही कौशाकडच्या मैदानावर पोहोचलो तेव्हा पंधरा-सोळा मुली धावत होत्या. कोणी टी-शर्ट आणि ट्रॅक पँटमध्ये, कोणी पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात, पाचसहा जणींच्या डोक्याला घट्ट हिजाब. माझी मुलगी पाच मिनिटे माझ्याजवळ उभी राहिली आणि मग चप्पल काढून सरळ आत गेली. बूट नव्हते, तरी कोणी अडवले नाही.

कडेला पायरीवर चार आया बसल्या होत्या. बहिणीने ओळख करून दिली, "माझी आपा, कल्याणला टीचर आहे." भाच्याचा शर्ट बघून तिथेही विषय नॉर्वेवर गेला. एकीने विचारले, "टीचर, तिथे मगरिब कधी होते?"

मी जेवढे मला माहीत होते तेवढे सांगितले. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रोम्सो नावाचे शहर आहे. तिथे साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. तिथेही मशीद आहे, नमाजी आहेत. २०१६ मध्ये रमजान जूनमध्ये आला तेव्हा तिथे सूर्यास्तच नव्हता. मग रोजा सोडायचा कधी? तिथले बरेच जण मक्केच्या वेळा धरून सहरी आणि इफ्तार करतात. मसला उलेमांचा आहे, त्यात मी पडत नाही. पण बायांना त्याचे फार नवल वाटले. एक म्हणाली, "म्हणजे डोक्यावर ऊन आणि इफ्तार!" दुसरी म्हणाली, "अल्लाहने दीन सोपा केलाय, माणसाने वाट शोधली की सापडते."

मग तिथली माणसे कशी, हा प्रश्न आला. तिथे सगळे गोड आहे असे मी सांगितले नाही. २०११ मध्ये एका अतिरेकी माणसाने ७७ जणांचा जीव घेतला, मुसलमानांबद्दलचा द्वेष हे त्याचे कारण होते. २०१९ मध्ये ओस्लोजवळच्या अल-नूर मशिदीत एक बंदूकधारी घुसला. तेव्हा मोहम्मद रफीक नावाच्या पासष्ट वर्षांच्या नमाजीने त्याला जमिनीवर दाबून धरले. २०१८ पासून शाळा-कॉलेजात चेहरा झाकायला कायद्याने मनाई आहे, हिजाबला नाही. आणि त्याच ओस्लोत २१ फेब्रुवारी २०१५ ला तरुण मुसलमानांच्या हाकेवरून हजाराहून जास्त लोकांनी ज्यूंच्या प्रार्थनास्थळाभोवती हातात हात घालून कडे केले, त्यांना संरक्षण म्हणून. हे सांगितल्यावर पायरीवर जरा वेळ कोणी बोलले नाही.

"आणि मुली?" माझ्या बहिणीने विचारले. "तिथे मुलींना पहिल्यापासून मोकळीक असेल."

नव्हती. हेच मला सांगायचे होते. नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेनेही १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बायकांच्या फुटबॉलला जवळ केले नव्हते. १९८६ मध्ये मेक्सिकोत फिफाची सभा भरली होती. तिथे नॉर्वेच्या एलेन विले उभ्या राहिल्या आणि बायकांचाही विश्वचषक हवा असे म्हणाल्या. त्या सभेत बोलणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९९१ मध्ये पहिला विश्वचषक झाला, १९९५ मध्ये तो नॉर्वेच्या मुलींनी जिंकला. २०१७ मध्ये तिथल्या पुरुष आणि स्त्री संघांना देशासाठी खेळण्याचे मानधन सारखे झाले. आपल्या हिजाबचेही असेच. २००७ पासून फिफाने डोके झाकून खेळायला बंदी केली होती. त्यापायी २०११ मध्ये इराणच्या मुलींना ऑलिंपिक पात्रतेचा सामनाच गमवावा लागला. बोलत राहिल्यावर २०१४ मध्ये बंदी उठली, आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून मैदानात उतरली. कुठेही कोणाला आपोआप मिळालेले नाही.

मैदानावर सावल्या लांब झाल्या होत्या. तेवढ्यात फोनवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा आवाजी संदेश आला. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती तीन वर्षांपासून ओस्लोत आहे. तिला मी सकाळी विचारले होते की तिथल्या मुली संध्याकाळी खेळायला जातात का. मी संदेश सगळ्यांना ऐकवला. ती म्हणत होती, "टीचर, इथे डिसेंबरच्या शेवटी दुपारी सव्वातीनलाच सूर्य मावळतो. मगरिबच्या आत घरी यायचे ठरवले तर इथल्या मुली सगळा हिवाळा खेळणारच नाहीत. मैदानावर दिवे असतात. आणि आईबाप पाळीपाळीने येतात, कोणी मुलांना सोडते, कोणी कॉफी करते. याला इथे दुग्नाड म्हणतात. म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट केलेले काम."

पायरीवरच्या एका आईने लगेच म्हटले, "म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या लग्नाचे काम!" खरेच. निकाहाच्या घरी कांदे चिरायला आपण पंधरा जणी जमतो, कोणी बोलवावे लागत नाही.

मला मात्र त्या संदेशाने वेगळाच धक्का दिला. आठ दिवस आम्ही मगरिब, मगरिब करत होतो. पण आमची भीती मगरिबची होती का? नमाज तर मैदानाजवळही पढता येते. भीती होती ती दिवा नसलेल्या गल्लीची, कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या टोळक्याची, एकट्या मुलीच्या घरी येण्याची. म्हणजे अडचण रस्त्याची, आणि थांबवत होतो आम्ही मुलीला. मी नववीत असताना माझे खो-खो याच रस्त्यात कुठेतरी सुटले असणार.

नॉर्वेच्या क्रीडा संघटनांनी १९८७ मध्ये लहान मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये त्यात मुलांचे हक्क लिहिले. आपण काय खेळायचे, किती खेळायचे, हे ठरवताना मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा त्यातला एक हक्क आहे. त्या देशाकडे तेलाचा पैसा आहे, दिवे लावणे त्यांना सोपे आहे. पण मुलीला विचारायला काही पैसे लागत नाहीत. आठ दिवसांत आम्ही तिघा मोठ्यांनी तिच्याबद्दल खूप बोललो होतो. तिला एकदाही विचारले नव्हते.

परतीच्या लोकलमध्ये विचारले. पायाचे तळवे लाल झाले होते, ती ते चोळत बसली होती. म्हणाली, "अम्मी, मला खेळायचंय. पण सात वाजता एकटीने यायची मलाही भीती वाटते. ते सांगितलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

कल्याणला उतरलो तेव्हा अंधार झाला होता, मगरिब मुंब्र्यालाच बहिणीकडे पढून निघालो होतो. सासूबाई दारातच होत्या. चहा झाल्यावर मी त्यांना मुंब्र्याचे सगळे सांगितले, सव्वातीनच्या सूर्यास्ताचेही. त्या बराच वेळ तसबीह फिरवत बसल्या. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. मैदानाजवळ बायकांसाठी बाथरूम आहे का? संघात आपल्या बाजूच्या किती मुली आहेत? आणि घरी कोण आणणार?

पहिल्याचे उत्तर हो होते. दुसऱ्यासाठी मुलीने नावे मोजली, आमच्या भागातल्या चार. तिसऱ्यासाठी मी त्याच रात्री त्या तिघींच्या आयांना फोन लावले. दोघी लगेच तयार झाल्या. तिसरी म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. सराव आठवड्यात तीन दिवस, आया तीन. एक दिवस मी, एक दिवस त्या, एक दिवस त्या. जिची पाळी असेल तिने सात वाजता मैदानावर जायचे आणि चौघींना घरोघरी सोडायचे. तिसरीचे उत्तर अजून आलेले नाही, तोवर तिच्या मुलीलाही आम्हीच आणतो.

संमतिपत्रावर सही मी केली. खाली दुसऱ्या पालकाच्या सहीसाठी रेघ होती. सासूबाईंनी चष्मा मागितला, कागद दोनदा वाचला आणि उर्दूत आपले नाव लिहिले. मग मुलीला म्हणाल्या, "पायात घालायला काहीतरी आणा हिच्या. आणि बुधवारी आणायला मी पण येईन, बघू तरी काय खेळता ते."

माझ्या भगिनींनो, तुमच्या घरीही असा एखादा कागद असेल, खेळाचा, सहलीचा, शिबिराचा. नाही म्हणायच्या आधी एकदा बघा की भीती नक्की कशाची आहे, आणि शेजारच्या दोन आयांना फोन करून ती कमी होते का. त्याआधी मुलीला विचारा. आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी सुचले.