पाहुणी भीती

सगळ्यांनी वाखाणलेलं पुस्तक आपल्याला आवडलं नाही, की संशय आधी स्वतःवरच येतो. म्हणून इयन मॅक्यूअनची 'सॅटर्डे' मी दोनदा वाचली. २००५ची ही कादंबरी, जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार मिळालेली. "मध्यमवर्गाची अस्वस्थता बघायचीय ना? मग ही वाच," म्हणून मैत्रिणीने हातात ठेवली होती.

सुरुवात झकास. १५ फेब्रुवारी २००३, लंडन. इराक युद्धाविरुद्ध लाखो माणसं रस्त्यावर उतरणार, त्या दिवसाची पहाट. हेन्री पेरोन हा मेंदूचा सर्जन उगाचच जागा होतो, खिडकीशी जातो आणि आभाळातून पेटलेलं विमान जाताना बघतो. घातपात? नंतर कळतं, मालवाहू विमान होतं, सुखरूप उतरलं. रात्री-अपरात्री उठून गॅस बंद आहे ना हे बघून येणाऱ्या मला ती खिडकी चांगलीच ओळखीची वाटली.

मग उजाडतं. चौकातलं प्रशस्त घर, चंदेरी मर्सिडीज, स्क्वॉश, रात्रीच्या कालवणासाठी मासळीची खरेदी. मुलगी कवयित्री, मुलगा ब्लूज वाजवणारा, सासरे नावाजलेले कवी, त्यांची फ्रान्समध्ये गढी. इंग्रजांचा मिडल क्लास आपल्या मध्यमवर्गाच्या दोन मजले वर राहतो, हे ठाऊक होतं. पण माझी तक्रार पैशाची नाही. श्रीमंतालाही धास्ती असतेच. इथे मात्र ती पाहुण्यासारखी येते आणि रविवार उजाडायच्या आत मार्गी लागते. मोटारी घासल्याच्या भांडणातून बॅक्स्टर नावाचा गुंड सुरा घेऊन घरात शिरतो. हंटिंग्टनच्या आजाराने तो बिचारा आतून पोखरलेला. मुलगी मॅथ्यू अर्नल्डची 'डोव्हर बीच' म्हणते आणि हा विरघळतो! कवितेवर माझा जीव आहे, तरी तिच्यावर एवढा भार टाकवेना. पुढे बापलेक त्याला जिन्यावरून ढकलतात आणि त्याच रात्री पेरोन त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया करतो. मारणारे हेच, तारणारेही हेच; बॅक्स्टरने फक्त टेबलावर पडून राहायचं.

जॉन बॅनव्हिलने या कादंबरीची सालं काढली होती, हे वाचून मला हायसं वाटलं. त्या वर्षीचं बुकर त्यालाच मिळालं, ही आणखी गंमत.

पण मध्येच एक भेट आहे. पेरोन आईला बघायला वृद्धाश्रमात जातो. ही लिली एके काळची पट्टीची पोहणारी. आता पोराला ओळखत नाही. बोलायला लागते आणि वाक्य तिच्या हातून भलतीकडेच निसटतं. सुरा नाही, विमान नाही. पेरोनची सगळी शल्यविद्या खुर्चीवर नुसती बसून राहते. या भीतीला बाहेरून यावं लागलेलं नाही. ती पानं मी तिसऱ्यांदा वाचली. मॅक्यूअन मात्र तिथे फार रेंगाळत नाही. त्याला घरी जेवणाची तयारी करायची असते.

पुस्तक परत करताना मैत्रिणीला तेवढंच सांगितलं, आईचा भाग सुरेख आहे.

"आई?" ती म्हणाली. "अगं, त्याला आई कुठेय?"