संयुक्त खाते बंद करताना

बचत खात्यात सलग २ वर्षं व्यवहार झाला नाही, तर आम्ही बँकवाले ते 'निष्क्रिय' ठरवतो. तेही परस्पर नाही. आधी खातेदाराला रीतसर कळवतो. संसाराच्या खात्याला ही सोय नाही. १७ वर्षांत शिल्लक बऱ्यापैकी जमली असेल अशा समजुतीत मी पेपर वाचत होतो. मेथी निवडता निवडता सौ. म्हणाली, "मला वेगळं व्हायचंय."

कायदा आमच्याहून आशावादी निघाला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीची सोय झाली १९७६ साली. आधी वर्षभर वेगळं राहा, मग अर्ज करा, वर आणखी ६ महिने विचार करा. (हे ६ महिने माफ होऊ शकतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आहे, आम्ही ते पुरेपूर भोगले.) लग्न ठरवताना एवढा विचार कोणी केला होता? तिथं चाळीस मिनिटं आणि एक बशी पोहे पुरले होते!

मग एकट्याचा हिशेब शिकणं आलं. दोन कपांना दोन चमचे साखर, तर एका कपाला किती? कॉमर्सच्या पदवीधराला उत्तर येतं हो, पण हात ऐकत नाही. चहा दोनच कप होई आणि दुसरा दुपारपर्यंत ओट्यावर साय धरत बसे. हल्ली शेजारचे आजोबा तो प्यायला येतात, आणि साखर कमी पडली म्हणून तक्रारही करतात. घरात कुणीतरी तक्रार करतंय, हे ऐकून बरं वाटतं.

संयुक्त खातं बंद करायला दोघांच्या सह्या लागल्या. ती आली, सही केली. शेजारच्या टेबलावर नमुन्याशी पडताळणी झाली. बाकी कशातच न जुळलेलं आमचं. सही मात्र वेलांटीसकट जुळली.

नवं खातं उघडलं. नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. सरकारचा हा उत्साह नेमका माझ्याच वेळी! मी ताईच्या मुलीचं नाव लिहिलं.

"नातं?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"मामा."

"तिचं तुमच्याशी, सर."

"भाची."

उरलेल्या तीन ओळींवर रेघ मारायला तिनं पेन उचललं. मोकळी जागा सोडू नका म्हणून वीस वर्षं गिऱ्हाइकांवर खेकसणारा मी म्हणालो, "राहू दे गं मोकळ्या."

"नियम तुम्हीच शिकवलात, सर," म्हणत तिनं रेघ मारलीच.

पण पेन्सिलीनं.