व्ह्यूचे पैसे

घोडबंदर रोडवर फ्लॅट घेताना दोन गोष्टींचे जादा पैसे मोजावे लागतात: फ्लोअर राइज आणि व्ह्यू. कासारवडवलीला आम्ही येऊरच्या डोंगराचे पैसे भरले. काही पावसाळे डोंगर दिसला, मग समोर दुसरा टॉवर उभा राहिला. त्यामुळे सँटोरिनीची हॉटेलं बघताना ‘कॅल्डेरा व्ह्यू’ची खोली साध्या खोलीच्या कितीतरी पट महाग दिसली, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "हे कुठेतरी ऐकलंय."

सुमारे 3,600 वर्षांपूर्वी या ग्रीक बेटावर प्रचंड उद्रेक झाला. पोटातला लाव्हा आणि राख बाहेर पडली आणि मधली जमीन खचून समुद्रात गेली. तो खड्डा म्हणजे कॅल्डेरा. त्याच्या बाजूला सरळ तुटलेला कडा, जागोजागी 300 मीटर उंच, आणि काठावर फिरा, इमेरोविग्ली, इया ही गावं. फोटोतली पांढरी घरं आणि निळे घुमट तिथलेच. बेटाची पूर्वेची बाजू मात्र हळूहळू उतरत काळ्या वाळूच्या किनाऱ्यापर्यंत जाते. तिचे फोटो फारसे कोणी टाकत नाही.

बेत बहुतेक गाडीतच ठरला, गायमुखच्या घाटात अडकून. पिरेयस बंदरातून सँटोरिनीला वेगवान बोटीने पाचेक तास आणि साध्या बोटीने आठ लागतात, असं मी वाचून दाखवलं. "म्हणजे पावसाळ्यात वसईला जाऊन आल्यासारखंच," मागून लेक म्हणाली.

फेब्रुवारी 2025 मध्ये सगळंच अडलं. सँटोरिनीच्या ईशान्येला समुद्राखाली हजारो धक्के बसले, शाळा बंद झाल्या, 11,000 हून जास्त माणसं बेट सोडून गेली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले: रद्द ना? सासऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला, "घरं कशाची आहेत गं तिथली?"

बाबा पाटणचे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते शाळेत होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती कशा बसतात ते त्यांनी पाहिलंय. मी शोधून सांगितलं की जुनी घरं राखेच्या घट्ट थरात कोरलेली आहेत आणि 9 जुलै 1956 च्या भूकंपात पुष्कळ पडली, पन्नासहून अधिक माणसं दगावली. बाबा गप्प झाले. मग मी त्या जुन्या उद्रेकात बेटावर गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी गावाचं सांगितलं. तिथलं उत्खननही 1967 चंच, स्पिरिडॉन मारिनातोस यांनी सुरू केलेलं. राखेखाली दुमजली-तिमजली घरं, रस्ते, गटारं, रंगीत भित्तिचित्रं, सगळं सापडलं. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. आधी बसलेले हादरे ओळखून लोक निघून गेले असावेत. "शहाणी माणसं," बाबा म्हणाले.

डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून असेच धक्के सुरू झाले, तेव्हा धुंदलवाडीची माणसं थंडीत तंबूत झोपली. म्हणून अहमदाबाद हायवेने जाणं आपण कोणी सोडलं नव्हतं. सँटोरिनीतही मार्चपर्यंत जोर ओसरला. आम्ही बेत रद्द केला नाही, पुढे ढकलला.

यानंतरचा प्रश्न सासूबाईंच्या गुडघ्यांचा. फिराच्या जुन्या बंदरातून वर यायला जवळजवळ 600 पायऱ्या आहेत, नाहीतर केबल कार किंवा गाढव. "गाढवावर मी बसायची नाही," त्यांनी जाहीर केलं. सुदैवाने पिरेयसची बोट तिथे लागत नाही, अथिनिओसला लागते आणि तिथून बस वर जाते. पण कड्यावरच्या गावांत खोलीपर्यंत पोचायलाही पायऱ्याच. म्हणून मुक्काम पूर्वेच्या कामारीला ठरला: सपाट रस्ता, समोर समुद्र, फिराला जायला बस. फिरा ते इया ही काठावरची साधारण 10 किलोमीटरची वाट लेक आणि मी चालू. कॅल्डेरा तिथून तिकीट न काढता दिसतो.

गरम झऱ्यांची बोटसफर मी यादीतून काढून टाकली. पालेआ कामेनी बेटाजवळचं ते पाणी जेमतेम कोमट, शिवाय बोटीतून उडी मारून पोहत जावं लागतं. अकलोलीच्या कुंडात पाय भाजून घेतलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक!

जेवणाची धास्ती मात्र फुकट गेली. तिथला फावा म्हणजे पिवळ्या डाळीचा मऊ गोळा, वर ऑलिव्हचं तेल आणि कांदा. ती डाळ आपल्या लाखेच्या डाळीच्या जातकुळीतली. "घट्ट वरणच की," सासूबाई म्हणाल्या. टोमॅटोची भजीही मिळतात म्हटल्यावर त्या खुलल्याच. गणपती आणि नवरात्र यांच्या मधले दिवस तेवढे त्यांना पटेनात, पितृपक्षात कसला प्रवास म्हणून. पण जुलै-ऑगस्टचं ऊन, वारा आणि भाव ऐकून त्याही नमल्या.

तुम्ही जाणार असाल तर आधी व्हिसाची तारीख धरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्या माणसाची फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. खोली घेताना विनाशुल्क रद्द करता येईल अशीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. बेट ज्वालामुखीचं आहे.