सनद उघडताना

उल्हासनगरात जुन्या घराचा व्यवहार निघाला की कागदांचा गठ्ठाही बाहेर निघतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे शहर. १९४९ साली त्याला आजचं नाव मिळालं, तरी पत्त्यात अजून कॅम्प नंबर असतोच. सनद, हस्तांतरणं, नकाशे, पावत्या सगळं आता स्कॅन होऊन डेटाबेसमध्ये जातं. मालकाचं नाव पन्नासेक बाइटांचं, शेजारच्या रकान्यातला नकाशा ४० एमबीचा. रांग मात्र एकच. अंबरनाथच्या कारखान्यांच्या आराखड्यांचंही तेच.

'सिलेक्ट स्टार', म्हणजे 'सगळे रकाने द्या', लिहायला क्षण पुरतो. पण शंभर मालकांची यादी दाखवायला शंभर नकाशे, म्हणजे ४ जीबी, उचलायचे कशाला? आम्ही बदलापूरकर बारवी धरणाच्या जवळ राहतो, तरी धरण घरी आणत नाही. नळ सोडतो, हंडा भरला की बंद करतो.

डेटाबेसलाही हे ठाऊक असतं. पोस्टग्रेसमध्ये रांग साधारण २ केबीच्या पुढे गेली की मोठा रकाना दाबून, तुकडे करून वेगळ्या टेबलात ठेवला जातो. तो मागितलाच नाही, तर ते टेबल उघडतही नाही. ओरॅकल ब्लॉबऐवजी, म्हणजे अशा मोठ्या रकान्यातल्या मजकुराऐवजी, आधी त्याचा ठावठिकाणा हाती देतं. डॉटनेटमध्ये 'सिक्वेन्शियल अ‍ॅक्सेस' सांगितलं की मोठा रकाना तुकड्यातुकड्यांनी वाचता येतो, पण रकाने क्रमानंच घ्यावे लागतात. मागे वळता येत नाही. म्हणून क्वेरीत क्रमांक आणि नाव आधी, नकाशा शेवटी.

तुकड्यांनी वाचण्याचीही किंमत असते. वाचन संपेपर्यंत कनेक्शन अडकून राहतं. लोकलमध्ये उभ्या गिऱ्हाइकाच्या फोनचं नेटवर्क रेंगाळलं, तर डेटाबेसही त्याच्यासाठी ताटकळतो. अशा वेळी मी नकाशा सर्व्हरवरच्या तात्पुरत्या फाइलीत उतरवतो, कनेक्शन सोडतो आणि मग फाइल सावकाश पाठवतो. उलट, पावतीचं २० केबीचं चित्र असेल तर हा खटाटोप व्यर्थ; ते सरळ एका घासात वाचावं.

म्हणून टेबल आखतानाच मी विचारतो: हा रकाना कोण वाचणार, किती वेळा, आणि पूर्ण लागेल का? कोड कसा लिहायचा हे या उत्तरांवर ठरतं. एमबीचा आकडा त्यानंतर.